टेकडी वाचवायला गेलेलं गाव

‘पडीक’ हा शब्द सरकारी कागदावर पहिल्यांदा कुणी लिहिला, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. जे नांगरलं नाही, ज्याच्यावर घर नाही, ज्याचा सातबारा कुणा माणसाच्या नावावर नाही, ते पडीक. मग त्यावर झाडं असोत, ससे असोत, नाहीतर अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी त्याच्या पोटात मुरत असो. आमच्या गावाच्या दक्षिणेची टेकडी अशी पिढ्यान्‌पिढ्या पडीक होती आणि गाव तिच्या जिवावर पाणी पीत होतं.

अंबडहून जांब समर्थकडे जाताना आमचं गाव लागतं. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवला आणि तिथूनच निवृत्त झाले. गावातली अर्धी माणसं मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि उरलेली अर्धी मला बघून रस्ता बदलतात. दोघांचंही बरोबर आहे. मी चिडकी आहे, आधीपासूनच होते. नोकरीत असताना राग फळ्यावर निघायचा, निवृत्तीनंतर त्याला जागा राहिली नव्हती. ती जागा गावाच्या नव्या बायपासनं करून दिली.

टेकडी म्हणावी एवढी ती उंचही नव्हती. नकाशावर तिला नाव नव्हतं आणि चढताना कुणाला धाप लागत नव्हती. खैर, बोर, मधूनमधून सीताफळ, आणि सगळ्यांत जास्त आपटा. आपट्याचं झाड दिसायला काही देखणं नसतं. वाकडं, बुटकं, खरखरीत सालीचं. पण मुरमाड उतारावर ते असं चिवटपणे धरून उभं राहतं की पावसाचं पाणी त्याच्या मुळाशी थांबतं आणि सावकाश आत उतरतं. हे मी पोरांना टेकडीवर नेऊन दाखवायचे. आत उतरलेलं पाणी पायथ्याच्या एका मळ्यातल्या विहिरीत बाहेर यायचं. विहिरीच्या वरच्या अंगाला खडकात एक चीर होती, तिच्यातून उन्हाळ्यातसुद्धा झरा चालू असायचा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर आलं. त्यामुळं मळ्याजवळची बौद्ध वस्ती आणि गावाची खालची आळी सगळी त्या विहिरीवर यायची.

मळा ज्यांचा, त्यांना मी वहिनी म्हणते. त्यांचे यजमान माझ्या भावाचे मित्र, ते जालन्याला कारखान्यात कामाला, आठवड्यानं घरी येणारे. मोसंबीची बाग वहिनीच बघतात. विहिरीवर आलेल्याला जात विचारायची नाही आणि कळशी अडवायची नाही, हा त्यांच्या सासूबाईंनी घातलेला नियम. आज हे सांगायला सोपं वाटतं. त्या काळात सासूबाईंना भावकीनं त्यासाठी काय काय ऐकवलं होतं, ते वहिनींनी मला बागेत बसून सांगितलं आहे.

तर बायपास. रस्ता नकोच होता असं नाही, हे आधी सांगून टाकते, कारण नंतर आम्हाला विकासाचे शत्रू म्हणणाऱ्यांची रांग लागली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या बाजारपेठेत अडकायच्या. रामनवमीला जांबला जाणाऱ्या गाड्यांनी चौक तुंबायचा. बाळंतपणाच्या बाईला घेऊन निघालेली गाडी त्या गर्दीत अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. रस्ता हवा होता. आणि पहिल्या खुणा मारून गेलेली माणसं उत्तरेनं गेली होती, जुन्या गाडीवाटेनं, सपाट जमिनीवरून, जिथं कापायला झाड नव्हतं आणि फोडायला खडक नव्हता. मग मध्ये काहीतरी झालं आणि नव्या खुणा दक्षिणेला उमटल्या, थेट टेकडीच्या छातीवर. उत्तरेला दरम्यान प्लॉट पडले होते, त्यांना तारेचं कुंपण झालं होतं, वर बोर्ड लागले होते. ते प्लॉट कुणाचे, ते मी लिहीत नाही. गावात विचारा, शेंबडं पोर सांगेल.

टेकडी वाचवायची म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जमलो. गावात समिती स्थापन करायला वेळ लागत नाही, अध्यक्ष ठरवायला लागतो. पण आमच्याकडे तोही लागला नाही, कारण डॉक्टर आधीच खुर्चीत बसले होते. डॉक्टर होमिओपॅथीचे, हात हलका, गळा मोठा. मनानं निर्मळ माणूस. पण कोणत्याही कामात फोटो निघाला नाही तर ते काम झालं असं त्यांना वाटायचं नाही. दुसरे वकील. ते बौद्ध वस्तीतले, माझेच विद्यार्थी, अंबडच्या कोर्टात वकिली करतात. कमी बोलायचे आणि बोलले की मुद्द्याचं बोलायचे. तिसरी मी, आणि चौथ्या वहिनी, ज्यांची विहीर.

“बाई, एकच काम आहे,” वकील म्हणाले. “दिवाळीच्या आधी संयुक्त पाहणी होणार. साहेब लोक येऊन टेकडी बघणार आणि जागेवर पंचनामा करणार. तिथं झाडी आहे आणि पाणी आहे एवढं एकदा लिहून आलं की पुढं मी बघतो. नुसतं पडीक नाही हे त्यांच्याच हातानं लिहिलं गेलं पाहिजे. पाहणीच्या दिवशी टेकडी हिरवी दिसली पाहिजे आणि विहीर भरलेली. बस. तोवर आपण काहीच करायचं नाही.”

“काहीच न करायला समिती कशाला लागते वकीलसाहेब?” डॉक्टरांनी विचारलं.

त्यांच्या डोक्यात दसरा होता. आमच्याकडं सीमोल्लंघन व्हायचं ते पूर्वेला, ओढ्याकाठच्या शमीपाशी. टेकडीवरून दोघंतिघं जाऊन आपट्याच्या थोड्या फांद्या आणायचे, पुजारी पूजा करायचा, मंडळी पानं घेऊन घरोघर वाटायची. टेकडीला त्याचा पत्ताही लागत नसे. डॉक्टर म्हणाले, यंदा सीमोल्लंघन टेकडीवर करू. सगळा गाव वर नेऊ, सगळ्यांना शपथ देऊ, पेपरवाले बोलवू. साहेबांना कळू द्या की या झाडांमागं माणसं आहेत.

“गर्दी नेऊ नका,” वकील म्हणाले. “मी त्या दिवशी इथं नाही. वस्तीतले आम्ही सगळे नागपूरला जाणार. दरवर्षी जातो.”

“तुमची बस चुकू देऊ नका, इकडं मी हाय ना,” डॉक्टर म्हणाले. “गर्दीशिवाय आंदोलन झालंय का कुठं?”

“डॉक्टर, गर्दी आली की ती तिच्या मनाचं करते.”

मीही विरोध केला होता. पण माझा विरोध भोंग्याला आणि प्लास्टिकच्या ग्लासांना होता. माणसं वर गेली की कचरा करतील, ससे पळतील, एवढ्यापुरतीच माझी अक्कल गेली. वहिनी म्हणाल्या फक्त, “शपथ घेतली तर लोक पाळतील, न्हाई का बाई?” मी म्हटलं, पाळतील.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलली तसा गाव वर निघाला. असा गाव मी कधी एकत्र पाहिला नव्हता, निवडणुकीतसुद्धा नाही. संबळ होता, हलगी होती, नव्या साड्या होत्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ एकाच वाटेनं चढत होते. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. वाटलं, आता कुणाची हिंमत आहे इथं मशीन लावायची. डॉक्टर एका धोंड्यावर उभे राहिले, हातात माइक, गळ्यात उपरणं. त्यांनी भाषण केलं आणि ते चांगलं केलं. हे झाड म्हणजे आपली आई, हे पाणी म्हणजे तिचं दूध, असलं बरंच. मग हात पुढं करून सगळ्यांना शपथ दिली. या टेकडीचं एक पानही तोडू देणार नाही. हजारभर माणसं असतील, सगळ्यांनी ते म्हटलं. बायकांनी म्हटलं, म्हाताऱ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. पेपरवाल्यानं फोटो काढला.

मग पुजाऱ्यानं एका आपट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सवयीनं ओरडला, “लुटा सोनं!”

आधी माणसांनी खालची पानं खुडली. ती संपली. मग फांद्या वाकवल्या. वाकवलेल्या फांद्या मोडल्या. मग पोरं झाडावर चढली आणि वरून फांद्या फेकू लागली, खाली बायका पदर पसरून उभ्या. कुणाच्या तरी मोटारसायकलला कोयता होता, तो निघाला. एकाजवळ कोयता बघितला की दुसऱ्याला आठवतं की आपल्याजवळही आहे. ज्या झाडाला पूजेचं कुंकू लावलं होतं ते सगळ्यांत आधी भुंडं झालं. माणसं हसत होती, एकमेकांना आलिंगन देत होती, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणत होती. एकाच्याही मनात पाप नव्हतं. हेच मला अजून सहन होत नाही. पाप असतं तर मी भांडले असते.

मी ओरडले. माझ्या आवाजाला एकेकाळी चार वर्ग गप्प व्हायचे. हलगीपुढं तो कुणाला ऐकू गेला नाही. वहिनी एका झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, “पानं घ्या रे, फांदी ऱ्हाऊ द्या. अहो दादा, फांदी ऱ्हाऊ द्या.” लोक त्यांना बाजूनं वळसा घालून वर हात घालत होते, आणि जाताना त्यांच्याच ओटीत पानं टाकत होते.

एक जुना विद्यार्थी माझ्याजवळ आला. आता तो स्वतः मास्तर आहे. हातात मनगटाएवढी जाड फांदी. वाकून माझ्या पाया पडला.

“बाई, सोनं घ्या.”

“आत्ता काय शपथ घेतलीस तू?”

“कोणती बाई?”

“एक पान तोडू देणार नाही म्हणून घसा फोडून ओरडत होतास ना?”

“हां, ती. ते रोडवाल्यायला तोडू देणार न्हाई म्हणलं,” तो निरागसपणे म्हणाला. “आपलं काय त्यात. अन् हे तोडलं कुठं बाई? सोनं लुटलं.”

मी ते सोनं घेतलं नाही. सणाच्या दिवशी पाया पडलेल्याला रिकाम्या हातानं पाठवलं म्हणून नंतर त्याच्या आईनं मला नावं ठेवली. ठेवू दे. दसऱ्याला आपट्याची फांदी तोडणं म्हणजे झाड तोडणं नव्हे, असं आम्हा लोकांच्या रक्तातच आहे. घरच्या माणसानं घरातली वस्तू उचलली तर चोरी होत नाही, तसं. परक्यानं पानाला हात लावला तर त्याचा हात तोडू आणि स्वतः झाड सोलून घरी नेऊ. आणि वर तेच पान थोरामोठ्यांच्या हातात देऊन आशीर्वाद मागू.

उतरताना डॉक्टर भेटले. पानांनी त्यांचे दोन्ही हात भरले होते, खिसे भरले होते, कुणी टोपीत खोवली होती. “बाई, एवढा प्रतिसाद. मला बिलकुल वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. मी त्यांना मागं वळून बघायला सांगितलं. ते वळले. मग त्यांनी हातातली पानं खाली ठेवली, पण ठेवून काय उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात डॉक्टरांचा फोटो आला, पानांच्या ढिगामागं हसणारा, वर मथळा, टेकडीवर सोन्याची लयलूट. आमच्या विरोधकांनी तो गावभर मोबाइलवर फिरवला. त्यांना दुसरं काही करायची गरजच उरली नव्हती. डॉक्टर मात्र सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी नेऊन भुंड्या झाडांना घालू लागले. थोडं थोडं, सगळ्यांना सारखं, होमिओपॅथीच्या श्रद्धेनं. मला त्यांची दयाही आली आणि ती बादली हिसकावून घ्यावी असंही वाटलं. पंधरवड्यात आपट्याला पालवी येत नसते, हे मी सातवीला शिकवत होते.

वकील नागपूरहून परतले ते थेट टेकडीवर आले. मी त्यांच्याबरोबर होते. ते या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरले, एका मोडक्या फांदीच्या टोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता हे चिडतील, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“वर्षातून एकदा गाव सोडतो बाई,” ते म्हणाले. आणि मग पाहणीची तारीख पुढं ढकलता येते का, ते बघायला अंबडला गेले. तारीख पुढं गेली नाही. एरवी ज्या कामाची तारीख कधी पुढं गेल्याशिवाय राहत नाही, ते काम ठरल्या दिवशी ठरल्या वेळी झालं.

पाहणीला जीप आली. तिच्या बोनेटवर दसऱ्याच्या पूजेची झेंडूची माळ सुकून लटकत होती आणि वायपरच्या मागं आपट्याची डहाळी खोवलेली होती. साहेब उतरले, बरोबर दोन-तीन जण, कुणी माती बघणारे, कुणी झाडं बघणारे. थोडं चालल्यावर मुख्य साहेब थांबले.

“झाडी कुठं आहे?”

“तुम्ही तिच्यातच उभे आहात साहेब,” वकील म्हणाले.

“ही तर खुरटी झुडपं आहेत. वाळलेली.”

“वाळलेली नाहीत. दसऱ्याला ओरबाडलीत. साल खरवडून बघा, आतून हिरवी आहेत. पावसाळ्यात पुन्हा गच्च होतील.”

“पावसाळ्यात काय होईल ते मी कसं लिहू? मला आज दिसतं ते लिहावं लागतं.”

इथं माझा तोल गेला. “तुम्ही उद्या केस कापून आलात तर तुम्हाला टकला म्हणून लिहायचं का?” मी विचारलं. बरोबरचा माणूस खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवून उभा राहिला. साहेब म्हणाले, “मॅडम, शांत व्हा.” मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून मला तो पेपरातला फोटो दाखवला. हे तुमचंच गाव ना? तुमचेच लोक तोडतात, मग हरकत नेमकी कुणाची आणि कशाला? आवाज चढवून बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. त्यांनी सहज, कुतूहलानं विचारलं होतं. डॉक्टर माझ्या मागं उभे होते, ते आणखी मागं सरकले.

मग वहिनी पुढं आल्या. त्या साहेबांना विहिरीवर घेऊन गेल्या. विहीर भरली होती, काठोकाठ नाही पण चांगली, आणि वरच्या अंगाची चीर वाहत होती. त्यांनी हात करून दाखवलं.

“विहीर रस्त्याच्या हद्दीत येत नाही ताई,” साहेब म्हणाले. “पायथ्याला आहे. तुमचं काहीच बाधित होत नाही. बाग पण वाचते. तुम्ही तर खूश व्हायला पाहिजे.”

“विहीर न्हाई येत साहेब. पण पाणी येतंय ना तुमच्या रोडात. हा झरा वरून येतो, टेकडीतून. टेकडी कापली तर हा कुठून येईल?”

“जमिनीखालचं मला दिसत नाही.”

खाली काय आहे ते सांगण्यात माझा जन्म गेला. मुरमाचा थर, त्याखालचा भेगांचा खडक, पाण्याची वाट, सगळं मी तिथं उभ्या उभ्या जमिनीवर काठीनं काढून दाखवलं. त्यांनी नम्रपणे ऐकलं. पण जमिनीखालचं त्यांना दिसत नव्हतं हे काही खरं नव्हतं. टेकडी कापल्यावर किती ब्रास मुरूम निघेल आणि तो कुठल्या भरावाला पुरेल, हे जमिनीखालचं असूनही त्यांच्या आराखड्यात बरोबर मांडलेलं होतं. पाणी तेवढं दिसत नव्हतं.

पंचनाम्यात विरळ, खुरटी, शुष्क झुडपे असं आलं. खाली लोकांचा वावर व तोड असंही आलं. वकील त्यावर लढले, अजून लढताहेत, जालन्याच्या आणि संभाजीनगरच्या फेऱ्या त्यांनी स्वतःच्या खर्चानं मारल्या. पण एकदा लिहिलेलं खुरटं पुन्हा वाढत नाही. पुढच्या पावसाळ्यात आपट्याला खरंच तरारून पालवी फुटली. मी तिचे फोटो काढले, वकिलांनी ते लावले. उत्तर आलं की पाहणी झालेली आहे.

मशीन आली त्या सकाळी आम्ही दहा-बारा जण वर बसलो होतो. दसऱ्याला हजार होते. ज्यांनी शपथ घेतली होती ते वाईट होते असं नाही. कुणाची पेरणी होती, कुणाला भीती होती, पुष्कळांना वाटलं की आता काय, कागदावर झाडं तर तशीही गेलीच आहेत. आम्हाला उचलून पोलीस गाडीत बसवण्यात आलं आणि दुपारी सोडण्यात आलं. सोडण्याआधी एका तरुण शिपायानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “बाई, मी तुमच्याच शाळेचा हाय.” असे माझे विद्यार्थी सगळीकडं आहेत. मी काय शिकवलं, कुणास ठाऊक.

टेकडी मधोमध कापली. सुरुंगांनी खालच्या आळीतल्या भिंतींना तडे गेले, त्याचं पुन्हा वेगळं भांडण. रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. ट्रॉल्या आता बाजारातून जात नाहीत. आणि त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वहिनींच्या विहिरीतली चीर आटली. आधी धार बारीक झाली, मग नुसती ओल राहिली, मग खडक पांढरा पडला. वस्तीतल्या बायका कळशा घेऊन यायच्या, वाकून बघायच्या आणि रिकाम्याच परत जायच्या. वहिनींनी बागेच्या वरच्या ओळी सोडून दिल्या. पिवळी पडलेली मोसंबीची झाडं त्या स्वतः तोडायच्या. गड्याला तोडू द्यायच्या नाहीत.

पाणी गेलं कुठं, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. कापलेल्या टेकडीची भिंत बायपासवर उभी आहे, तिच्यातून पाझर सुरू झाला. रस्ता खराब होतो म्हणून ठेकेदारानं तिथं सिमेंटची गटार बांधली. भर उन्हाळ्यात त्या गटारीतून निवळशंख पाणी वाहत असतं आणि पुढं नळकांड्यातून पलीकडच्या माळावर जाऊन उन्हात वाळतं.

आम्ही मागणी केली, एक पाइप टाकून ते पाणी विहिरीत सोडू द्या. विहीर खालीच आहे, मोटारसुद्धा लागणार नाही. उत्तर आलं, तरतूद नाही. मग वहिनींनी आपला शेतातला काळा पाइप नेऊन गटारीत टाकला. दोन दिवसांनी तो काढून रस्त्याकडेला गुंडाळून ठेवलेला मिळाला. रस्त्याच्या देखरेखीवरचा माणूस म्हणाला, “ताई, मला काय प्रॉब्लेम न्हाई. पण हद्दीतलं पाणी हाय, परमिशन आणा.” वहिनींनी पुन्हा टाकला. त्यानं पुन्हा काढला. असं ते चाललं आहे. वकील परवानगीच्या मागं आहेत, डॉक्टर अर्ज लिहितात, आणि मी वहिनींबरोबर पाइप धरायला जाते, कारण एकट्या बाईला गाड्यांच्या त्या वेगात रस्त्याकडेला वाकावं लागणं मला बरं वाटत नाही.

परवा आम्ही गटारीपाशी होतो. एक मोठी गाडी येऊन थांबली. जांबचं दर्शन करून परतणारं कुटुंब असावं, कपाळाला गंध होतं. मुलांनी पाण्यात पाय धुतले. त्यांच्या वडिलांनी ओंजळीनं चव घेतली, मग बाटली भरायला लावली.

“वा, काय गोड पाणी आहे,” ते आम्हाला म्हणाले. “रस्त्यावर झऱ्याची सोय केलीय सरकारनं. नाहीतर आपल्याकडं कुठं एवढं बघतात.”

माझ्या तोंडात होतं ते बाहेर यायच्या आत वहिनी बोलल्या.

“हे माझ्या विहिरीचं पाणी हाय.”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “विहीर कुठाय?”

“ती काय, खाली. त्या वाळल्या झाडांच्या मधी. जाऊन बघा, तळ दिसतो.”

ते गृहस्थ कठड्याशी गेले, खाली बघितलं. मग बाटलीकडं बघितलं. ती ओतून टाकावी का ठेवावी, हे त्यांना सुचेना. शेवटी झाकण लावलं, “अरेरे” म्हणाले आणि गाडीत बसले.

वहिनींनी पाइपाचं तोंड पुन्हा पाण्यात दाबलं. मी वरून धोंडा ठेवला, या खेपेला मोठा.